किर्द, खतावणी आणि पिव्होट

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, एक्सेल येतं का? म्हटलं हो. व्हीलूकअप? हो. पिव्होट? आता इथं मी अर्धा सेकंद अडखळले असेन, पण दोनदा हो म्हणून झालं होतं, तिसऱ्यालाच नाही कसं म्हणायचं, म्हणून म्हटलं, येतं की. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर कायतरी लिहिलं. घरी येताना एसटीत पहिलं काम काय केलं तर मोबाईलवर शोधलं, पिव्होट म्हणजे काय. (एक्सेलमधल्या लांबलचक यादीची पाहिजे तशी गटवार बेरीज मांडून देणारा तक्ता, असं आता सांगू शकते.)

म्हणजे अगदीच अडाणी नव्हते मी. एमएस-सीआयटी झालंय माझं २००९ ला, सर्टिफिकेट लॅमिनेशन करून कपाटात आहे. पण त्यात आम्ही काय केलं तर वर्ड मध्ये लग्नपत्रिका आणि एक्सेलमध्ये पाच विषयांची मार्कलिस्ट, बेरीज आणि टक्केवारी. पिव्होट शिकवलं असेल तर त्या दिवशी मी गैरहजर असणार. त्यानंतर नऊ वर्षं एका पतसंस्थेत काढली, तिथं सॉफ्टवेअर होतं पण मॅनेजरांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, त्यामुळं सगळं दोनदा व्हायचं, एकदा कॉम्प्युटरवर आणि एकदा वहीत. ती नोकरी का सुटली ते परत कधीतरी सांगेन, आज मूड नाही.

नवीन नोकरी दूध डेअरीत, संकलन विभागात. पद एमआयएस एक्झिक्युटिव्ह. सासूबाईंनी विचारलं म्हणजे काय करायचं असतं, मी म्हटलं दुधाचा हिशोब, तर म्हणाल्या मग तसंच सांग की.

कामाचं स्वरूप सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावोगावच्या दूध संस्था सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करतात, टेम्पोनं आमच्याकडं येतं, आमच्याकडं वजन होतं, फॅट लागते, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, लागतो. गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं. दहा दिवसांचं बिल असतं, एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. एकशे चाळीसच्या आसपास संस्था, दोन वेळा, दोन जाती, दहा दिवस. गुणाकार करा, साडेपाच हजार ओळी. ती फाईल सॉफ्टवेअरमधून निघते आणि माझ्या पेनड्राईव्हवर येते, आणि साहेब म्हणतात जरा पिव्होट मारून द्या, रूटवाईज पाहिजे. मारून द्या म्हणजे जणू काय शिक्का आहे.

पहिल्या दिवशी मी काय केलं सांगू? फिल्टर लावून एकेक संस्था निवडायची, खाली बेरीज बघायची, ती दुसऱ्या शीटवर हातानं टाईप करायची. चाळीस संस्था झाल्या आणि पाच वाजले. उरलेल्या घरी केल्या, रात्री साडेबारापर्यंत, कुकरच्या शेजारी लॅपटॉप ठेवून. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले छान, आता हेच जरा गाय म्हैस वेगळं करून द्या.

मग पुतणीला शरण गेले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवरून रविवारी येते. तिला म्हटलं बाई मला हे शिकव पण कुणाला सांगू नको, मी येतं म्हणून सांगितलंय. तिनं मांडीवर लॅपटॉप घेतला, कंट्रोल ए, इन्सर्ट, पिव्होट टेबल, ओके. झालं. एक रिकामी शीट आली आणि उजव्या बाजूला एक खिडकी, वर सगळ्या कॉलमांची नावं आणि खाली चार चौकोन. फिल्टर्स, कॉलम्स, रोज, व्हॅल्यूज. मला पहिले पाच मिनिटं वाटलं की रोज म्हणजे दररोज, तारीख तिथं टाकायची असणार. ती हसून हसून पडली. "काकू, रोज म्हणजे ओळी गं! आता संस्था ओढ आणि तिथं टाक." टाकली. सगळ्या संस्थांची नावं एकेकदाच, ओळीनं, बाराखडीप्रमाणं लागून उभी राहिली. "आता वजन व्हॅल्यूजमध्ये टाक." टाकलं.

आणि प्रत्येक संस्थेपुढं आकडा आला ४०. चाळीस, चाळीस, चाळीस, एखाद्या ठिकाणी वीस. मी म्हटलं वा, झालं की. म्हणजे मला खरंच वाटलं की हे चाळीस किलो. पुतणी म्हणाली अगं इतक्या संस्था नेमकं चाळीसच किलो दूध घालतात होय? मग बघितलं तर वर लिहिलेलं काउंट ऑफ वजन. बेरीज नव्हतीच ती, नुसत्या ओळी मोजल्या होत्या त्यानं. दहा दिवस, दोन वेळा, दोन जाती, चाळीस ओळी. ज्यांच्याकडं नुसती म्हैस त्यांच्या वीस.

असं का झालं तर त्या वजनाच्या कॉलममध्ये एका केंद्राच्या ऑपरेटरनं आकड्यापुढं "कि." लिहिलेलं होतं, १२४ कि., ९८ कि. असं. आपल्याला ते किलो दिसतं पण एक्सेलला ते अक्षर दिसतं, आणि कॉलममध्ये अक्षरं सापडली की पिव्होट बेरजेच्या फंदात पडत नाही, सरळ मोजदाद करून मोकळं होतं. फाईंड-रिप्लेसनं तो "कि." काढला. तरी पिव्होटमध्ये चाळीसच! मी म्हटलं बिघडलं. तर बिघडलं नव्हतं, रिफ्रेश करायचं असतं, आणि तेवढ्यानंही भागत नाही, काउंट बदलून सम, म्हणजे बेरीज, हेही आपणच करायचं. मूळ शीटमध्ये तुम्ही काहीही बदला, पिव्होट आपला जुन्या कॉपीवरच बसून असतो, राईट क्लिक करून रिफ्रेश म्हणेपर्यंत त्याला पत्ता नसतो.

आणि इथं माझ्या डोक्यात टण्णकन वाजलं. अरे ही तर खतावणी!

पतसंस्थेत नाहीतर कुठल्याही जुन्या दुकानात ज्यांनी काम केलंय त्यांना लगेच कळेल. किर्द असते, म्हणजे रोजचं जे घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहायचं, कुणाकडून आले, कुणाला दिले, एकाखाली एक. आणि मग संध्याकाळी बसून त्यातली एकेक नोंद उचलून ज्या त्या खात्याच्या पानावर न्यायची, ती खतावणी. किर्दीत चूक दुरुस्त केली तर खतावणी आपोआप दुरुस्त होत नाही, तिथं परत जाऊन करावी लागते. मी नऊ वर्षं हेच करत होते. साडेपाच हजार ओळींची फाईल म्हणजे किर्द, आणि पिव्होट म्हणजे खतावणी, फक्त फरक एवढा की हातानं खतावणी एकदाच करता येते, खातेवार केली की केली, आणि इथं खातेवार केलेली मोडून लगेच गाववार करता येते, गाववार मोडून तारीखवार. खळ्यावर रास घालावी, मोडावी, परत दुसरीकडं घालावी तसं, आणि दाणा सांडत नाही.

पुतणीला किर्द माहीत नव्हती. बी.कॉम.ला आहे, जर्नल आणि लेजर म्हणाली. तेच ते.

हे कुणाच्या डोक्यातून निघालं म्हणून नंतर वाचलं, तर पिटो सालास म्हणून एक माणूस लोटस कंपनीत होता, त्याच्या कल्पनेवर त्यांनी इम्प्रूव्ह नावाचं सॉफ्टवेअर काढलं, १९९१ साली, तेही स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर. मायक्रोसॉफ्टनं एक्सेल ५ मध्ये १९९३ ला पिव्होट टेबल आणलं आणि पुढं नाव झालं ते एक्सेलचंच. म्हणजे मी शाळेत बे एके बे करत होते तेव्हापासून हे आहे आणि मी २००९ ला मार्कलिस्ट करत बसले होते. असो.

तर पिव्होट मारणं मला एका रविवारात आलं. पण त्याच्या आधीची साफसफाई, त्याला महिना गेला, आणि ती कुठल्या व्हिडिओत कुणी नीट सांगत नाही, सगळ्यांचा डेटा आपला स्वच्छ, नॉर्थ साऊथ ईस्ट वेस्ट आणि सेल्समनची चार नावं. आमच्याकडं बघा. हनुमान दूध संस्था किती गावात असेल? एका रूटला तीन आहेत. बरं त्यातली एकच घेतली तरी ती फाईलमध्ये चार प्रकारे, "हनुमान दूध", "हनुमान दुध", "श्री हनुमान सह. दूध", आणि चौथी दिसायला अगदी पहिलीसारखीच पण शेवटी एक स्पेस. आपल्या डोळ्याला ती स्पेस दिसत नाही, पिव्होटला दिसते. त्याच्या लेखी त्या चार वेगवेगळ्या संस्था. शाळेत बाई ऱ्हस्व-दीर्घावरून पट्टी मारायच्या ते मला तेव्हा अन्याय वाटायचं, आता दीडशे ओळींत कुठं दू आणि कुठं दु बघितला की बाईंची आठवण येते. शेवटी नाव सोडूनच दिलं आणि संस्थेचा कोड धरला. कोडला ऱ्हस्व दीर्घ नसतं.

तारखेचा किस्सा तर विचारूच नका. जुलैचं पहिलं बिल, १ ते १० तारीख. पिव्होटमध्ये तारीख टाकली तर त्यानं स्वतःहून महिन्यांचे गट पाडले आणि मला दाखवलं जानेवारी, फेब्रुवारी, मार्च करत करत ऑक्टोबरपर्यंत दूध. जुलै महिन्यात बसून ऑक्टोबरचं दूध जमा! त्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन होती, महिना आधी आणि दिवस नंतर, त्यामुळं ०१/०७ म्हणजे त्याच्या मते ७ जानेवारी आणि १०/०७ म्हणजे ७ ऑक्टोबर. पुढच्या बिलाला अजून गंमत, ११ आणि १२ तारीख नोव्हेंबर डिसेंबरात गेली आणि १३ पासून पुढं महिनाच नाही म्हटल्यावर त्यानं त्या तारखा अक्षरं म्हणून तशाच सोडल्या, डाव्या बाजूला चिकटून (तारीख म्हणून ओळखली की एक्सेल ती उजवीकडं ठेवतं). आता मी फाईल उघडली की आधी तारखेचा कॉलम बघते, सगळ्या उजवीकडं आहेत ना, काही डावीकडं पळाल्यात का. आणि उजवीकडं असल्या तरी महिना कुठला धरलाय ते बघते, कारण चुकीची तारीखही उजवीकडं ऐटीत उभी असते.

पण खरी फजिती पुढं झाली आणि ती मला आयुष्यभर पुरेल.

साहेबांना म्हशीच्या दुधाची सरासरी फॅट पाहिजे होती. किती फॅट आत आली आणि तूप, लोणी, पिशव्या मिळून किती बाहेर गेली याचा ताळमेळ दर दहा दिवसांनी घालतात. मला काय, तोपर्यंत हात बसलेला. फॅट व्हॅल्यूजमध्ये ओढली, सम होती ती अॅव्हरेज केली, ६.७ आली, रंग दिला, मेल केला, दहा मिनिटांत. स्वतःवरच खूश.

दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनवाल्यांचा आवाज जिन्यापर्यंत. माझ्या आकड्यानं फॅट जितकी आत आली दिसत होती तितकी बाहेर गेलीच नव्हती. पॉईंट एकचा फरक. पॉईंट एक म्हणजे किती वाटेल तुम्हाला? दहा दिवसांत म्हशीचं दूध दोन लाख किलो धरा, त्याचं पॉईंट एक टक्का म्हणजे दोनशे किलो फॅट. दोनशे किलो तूप म्हणा जवळजवळ. पंधरा किलोचे तेरा डबे. तेरा डबे कुठं गेले, असा तो विषय होता आणि तुपाच्या सेक्शनला जो माणूस आहे त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

आमच्याकडं हिशोबाला एक अण्णा आहेत, रिटायरमेंटला आलेले. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, कॅल्क्युलेटर आणि लाल पेन. त्यांनी माझा कागद घेतला, एक संस्था निवडली आणि म्हणाले, "ताई, ह्यांची सकाळची दोनशे किलो, फॅट सहा पॉईंट चार. संध्याकाळची शंभर किलो, फॅट सात. सरासरी सांगा."

मी म्हटलं सहा पॉईंट सात.

"दोनशे किलोला आणि शंभर किलोला एकच मान?"

मी गप्प. अण्णांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडं सरकवला. दोनशेचे सहा पॉईंट चार टक्के, १२.८. शंभरचे सात टक्के, सात. झाले १९.८ किलो. भागिले तीनशे. सहा पॉईंट सहा.

लाज कशाची वाटली माहितीय का, माझ्या माहेरी चार म्हशी होत्या. संध्याकाळचं दूध थोडं पण दाट, सकाळचं भरपूर पण जरा पातळ, कारण रात्रीचं अंतर मोठं पडतं, हे मला कळत नव्हतं असं नाही, आई चहाला सकाळचं आणि सायीला संध्याकाळचं ठेवायची. आणि तरी मी त्या दोघांना एका ओळीत उभं करून दोननं भागलं. म्हणजे पिव्होटनं भागलं, पण त्याला काय माहीत म्हैस काय असते. जिथं दूध कमी आणि फॅट जास्त तिथं माझी सरासरी फुगणारच, आणि ती सगळ्या संस्थांत थोडी थोडी फुगून तेरा डबे झाले होते. तुपाच्या सेक्शनला जाऊन मी स्वतः सांगून आले की डबे माझ्या शीटमध्ये होते. तो माणूस काही बोलला नाही, चहा दिला.

दुरुस्त करायला गेले तर अजून एक खड्डा. पिव्होटमध्ये कॅल्क्युलेटेड फिल्ड म्हणून प्रकार असतो, आपलं गणित आपण घालायचं. मी घातलं, वजन गुणिले फॅट भागिले शंभर. त्याच संस्थेपुढं आकडा आला चार हजार वीस. दहा दिवसांचं दूध तीन हजार किलो आणि त्यात फॅट चार हजार किलो! एवढी म्हैस असती तर मी नोकरी कशाला केली असती. कारण काय, तर कॅल्क्युलेटेड फिल्ड आधी बेरजा करतं आणि मग गणित करतं. वजनांची बेरीज ३०००, आणि वीस वेळच्या फॅटची बेरीज १३४, त्यांचा गुणाकार. फॅटची कधी बेरीज करतात का कुणी?

मग बरोबर रस्ता असा की मूळ शीटमध्येच एक नवा कॉलम, फॅट किलो, प्रत्येक ओळीला वजन गुणिले फॅट भागिले शंभर. तो ओळीओळीला झाला की मग कॅल्क्युलेटेड फिल्डमध्ये फॅट किलो भागिले वजन गुणिले शंभर. आता ते आधी बेरजा करतं तेच आपल्याला पाहिजे असतं, १९८ भागिले ३०००, सहा पॉईंट सहा. अण्णांना दाखवलं. त्यांनी कॅल्क्युलेटरवर पाच संस्था तपासल्या, पाचही जमल्या, तरी म्हणाले सहावी बघू.

आता माझ्या रिपोर्टमध्ये एक कॉलम असतो जो कुणी मागितलेला नाही. पहिल्या रविवारी ज्यानं मला फसवलं तो काउंट. तो मी मुद्दाम शेवटी ठेवते. नुसत्या म्हशीच्या संस्थेपुढं २० पाहिजे, गाय म्हैस दोन्ही असेल तर ४०. बेरजेचा आकडा कमी आला तर दूध कमी आलं का नोंद राहिली ते कळत नाही, काउंट बघितला की कळतं. साहेबांनी एकदा विचारलं हे काय आहे, म्हटलं असू दे सर.

मागच्या बिलाला, ११ ते २० जुलै, एका संस्थेपुढं १९ आले. म्हटलं सापडली, नोंद राहिली, आता केंद्राला फोन. अण्णा शेजारी उभे होते, त्यांना म्हटलं थांबा तुम्हाला एक दाखवते, आणि त्या १९ वर डबल क्लिक केलं. नवीन शीट उघडली आणि त्या संस्थेच्या एकोणीस ओळी, तारखेसकट, वजन, फॅट, एसएनएफ, सगळं. अण्णा खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच बसले ते माझ्या स्क्रीनपुढं. "म्हणजे खतावणीतून परत किर्दीत जाता येतं?" म्हटलं येतं. मग त्यांनी बोट लावून, स्क्रीनवर ठसे उमटवत, ओळी मोजल्या, अकरा सकाळ, अकरा संध्याकाळ, बारा सकाळ, बारा संध्याकाळ, करत करत सतरा सकाळ, अठरा सकाळ. बोट थांबलं.

"सतराची संध्याकाळ."

म्हटलं हो, तीच राहिलीय, करते फोन.

"नका करू. त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं. टेम्पो अलीकडंच उभा होता नऊपर्यंत, मग माघारी आला." आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "एकोणीसच बरोबर आहे. घरोघरी दही लागलं असेल त्या दिवशी."